फोर बाय फोर केलेल्या पिकअपचा क्रॉस पुन्हा पुन्हा तुटतोय? आधी हे तपासा

मूळची टू व्हील ड्राइव्ह (फक्त मागच्या चाकांना ताकद) पिकअप फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) करून घेतलेल्या सोलापूर, मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोट भागातल्या बऱ्याच जणांची एकच तक्रार असते. काम झाल्यावर गाडी सुरुवातीला छान चालते. पावसाळ्यात काळ्या रानातून निघते, उजनीच्या गाळपेर जमिनीत रुतत नाही. मग हायवेला पन्नास-साठच्या वेगात खालून थरथर सुरू होते, प्रॉपेलर शाफ्टचा (एक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा सांधा, आवाज करायला लागतो आणि एक दिवस तुटतो. नवा टाकला की थोडे दिवस बरं, मग परत तेच. कुणी भारी कंपनीचा क्रॉस आणतो, कुणी शाफ्ट बॅलन्स करून आणतो, कुणी सेंटर बेअरिंग बदलतो. पैसे जातात, दुखणं तसंच राहतं.

इंजिनपासून चाकापर्यंतच्या सगळ्या भागांत क्रॉस हा स्वस्तातला आणि नाजूक भाग. ताण कुठूनही आला तरी बहुतेक वेळा तुटतो तोच. त्यामुळे क्रॉस बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. ताण कुठून येतोय ते शोधावं लागतं आणि शोधायचा क्रम पाळावा लागतो. आधी पुढच्या-मागच्या एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) आणि टायर, मग शाफ्टचे कोन, मग फेज (शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका पातळीत असणं) आणि लांबी, आणि बॅलन्सिंग सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट होतं. शाफ्ट काढून बॅलन्सिंगला पाठवणं सोपं असतं, रेशो मोजायला मात्र गाडीखाली झोपून फेरे मोजत बसावं लागतं.

मोडलेला क्रॉस फेकू नका

तुटलेला क्रॉस बहुतेक गॅरेजमध्ये थेट भंगारात जातो. तो घरी आणा, रॉकेलने किंवा डिझेलने धुवा आणि उजेडात बघा. क्रॉसला चार दांडे असतात, त्यांच्यावर कप बसतात आणि कपात सुईसारखी बारीक बेअरिंगं असतात.

दांड्याच्या एकाच बाजूला सुयांच्या रुंदीचे सरळ ओरखडे, नखाला लागतील असे खड्डे दिसले, तर त्या क्रॉसवर सततचा जादा ताण होता. रेशो जुळत नाही किंवा कोन फार आहे. दांड्याची टोकं घासून खरवडलेली असतील तर कोनाकडे बोट जातं. विटकरी रंगाची भुकटी निघाली तर आत पाणी गेलं आणि ग्रीस संपलं. दांडा निळा-काळा पडला असेल तर तो कोरडा फिरून तापला. आणि कुठेही झीज नसताना दांडा कटकन मोडला असेल, तर तो एका झटक्यात गेलाय. चढावर चाक हवेत फिरताना अचानक जमिनीला टेकलं, किंवा गाडी पीळ धरून बसली आणि पीळ एकदम सुटला, की असं होतं.

पुढच्या शाफ्टचा क्रॉस जातोय की मागच्या, हेही लिहून ठेवा. गाडी टूमध्ये असताना थरथरते की फोरमध्ये, पुढच्या चाकांचे हब (चाक एक्सलला जोडायचं-सोडायचं कुलूप) लॉक असताना की मोकळे असताना, ओझं असताना की रिकामी, हे चार प्रश्न गॅरेजमध्ये जाण्याआधी मालकाने स्वतः सोडवले तर अर्धं काम होतं. ढोबळ नियम असा: डांबरी रस्त्यावर फोर टाकल्यावर स्टिअरिंग जड होतं, वळताना टायर चरचरतात, लिव्हर फोरमधून निघत नाही, तर रेशो आणि टायर बघा. नुसत्या टूमध्ये, हब मोकळे ठेवून वेगात थरथर येते, तर मागच्या शाफ्टचे कोन किंवा फेज. टूमध्येच, पण हब लॉक केल्यावर थरथर येते आणि हब सोडले की जाते, तर दोष पुढच्या शाफ्टमध्ये. कारण हब लॉक असले की टूमध्येसुद्धा चाकं पुढचा शाफ्ट फुकट फिरवत राहतात.

आणखी एक. रानातून आल्यावरच थरथर सुरू झाली असेल तर आधी गाडी धुवा. आपली काळी माती ओली असताना रिमच्या आतल्या बाजूला चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. शाफ्टवरही तिचा थर बसतो. चाकाच्या एका बाजूला अशी किलोभर माती असेल तर कुठलीही गाडी थरथरणारच. प्रेशरने रिमची आतली बाजू, शाफ्ट आणि दोन्ही डिफरन्शियलचे गोळे साफ करा, मग पुढचं.

रेशो: मूळ दुखणं इथेच जास्त सापडतं

पार्ट टाइम (लागेल तेव्हाच लिव्हरने जोडायच्या) फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या आत, दोन्ही शाफ्टमध्ये डिफरन्शियल (फेऱ्यांतला फरक सामावणारा भाग) नसतं. लिव्हर फोरमध्ये टाकला की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात आणि अगदी सारख्या फेऱ्यांनी फिरतात. मग पुढच्या आणि मागच्या एक्सलचा क्राउन-पिनियनचा (गोळ्यातल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांचा) रेशो सारखाच हवा. कन्व्हर्जनमध्ये मागचा एक्सल मूळ गाडीचा राहतो आणि पुढचा दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा, जुन्या बाजारातून आणलेला असतो. हौसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) दिसायला सारखं, स्प्रिंगचे पाटे बसतात, ब्रेक बसतात, म्हणून बसवून टाकतात. आतले दात कुणी मोजत नाही.

समजा मागचा रेशो ४.१० आहे, म्हणजे क्राउनला ४१ आणि पिनियनला १० दात. पुढच्याचा ४.२७, म्हणजे ४७ आणि ११. कागदावर फरक किरकोळ वाटतो. आता २१५/७५ आर १५ टायर धरा, त्याचा घेर जवळपास २.२ मीटर. शंभर मीटर जायला चाकाचे साधारण साडेपंचेचाळीस फेरे होतात. तेवढ्यात मागच्या शाफ्टला १८६ फेरे घ्यायचे असतात आणि पुढच्याला १९४. जवळपास पावणेआठ फेऱ्यांचा फरक, तोही फक्त शंभर मीटरमध्ये. ट्रान्सफर केस दोघांना सारखंच फिरवणार. मग हा फरक कुठेतरी निघालाच पाहिजे. चिखलात टायर घसरतात आणि तो निघून जातो, म्हणून रानात गाडी शहाण्यासारखी वागते. पुणे-हैदराबाद हायवेच्या डांबरावर टायर घसरत नाहीत. पीळ चढत जातो एक्सल शाफ्टवर, ट्रान्सफर केसच्या दातांवर किंवा साखळीवर, आणि क्रॉसवर.

रेशो मोजायला गोळा उघडायची गरज नाही. गाडी सपाट जागेवर घ्या, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून दगड लावा. इथे एक धोका लक्षात ठेवा: ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवूनही उभी राहत नाही, ती गडगडते. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा.

मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. मेन गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये. हँडब्रेक सोडलेला असणार, म्हणून दगड पक्के हवेत. चाकावर आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूने खूण करा. एक चाक जमिनीवर धरलेलं असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा. म्हणून चाकाचे बरोबर वीस फेरे करा आणि दुसऱ्या माणसाला शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. ४१ आले तर रेशो ४.१. जवळपास ४३ आले तर ४.२७ च्या आसपास. दोनच फेऱ्यांत मोजलं तर दशांश नीट हाती लागत नाही. पुढच्या एक्सललाही असंच मोजा, फक्त तिथे हब लॉक करायचे आणि ट्रान्सफर टू-हायमध्ये (साध्या, फक्त मागच्या चाकांच्या गिअरमध्ये) ठेवायचं, म्हणजे पुढचा शाफ्ट मोकळा फिरतो.

मोहोळ तालुक्यातल्या एका बागायतदार काकांची गाडी अशीच आली होती. कांदा सोलापूरच्या मार्केट यार्डात आणायची आणि पावसाळ्यात शेतातून ऊसरोपं काढायची. काका एकच सांगत होते, ‘‘क्रॉस चांगला टाकलाय की, तरी कसा तुटतोय?’’ वीस फेऱ्यांना मागे ४१ आणि पुढे ४३ च्या जरा खाली. पुढचं काही मोजायच्या आधीच उत्तर मिळालं. पुढच्या गोळ्यात मागच्याशी जुळणारा क्राउन-पिनियन बसवल्यावर लिव्हर फोरमधून एका बोटाने निघायला लागला. काका आता पुढच्या शाफ्टला फक्त ग्रीस मारतात.

क्राउन आणि पिनियन नेहमी एकाच जोडीचे घ्या. एकाच कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली ती जोडी असते. क्राउन एका गोळ्यातला आणि पिनियन दुसऱ्यातला घेतला तर घुमण्याचा आवाज आयुष्यभर पाठ सोडत नाही. बसवताना पिनियनची खोली, बेअरिंगचा प्रीलोड (आधीचा दाब) आणि दातांमधला बॅकलॅश (मोकळीक) त्या एक्सलच्या मॅन्युअलप्रमाणे धरा आणि दातांना मार्किंग पेस्ट लावून ठसा कुठे उमटतो ते बघा. हे करताना घाई करणाऱ्या मिस्त्रीकडे काम देऊ नका, मग तो कितीही स्वस्तात करत असला तरी.

रेशो जुळला आणि तरीही पीळ चढतोय, तर टायर. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत, किंवा मागे एक साइज मोठे, असं फोर बाय फोरला चालत नाही. चारही एकाच मापाचे, शक्यतो एकाच पॅटर्नचे हवेत. हवा बरोबर भरा, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, चाकाचा एक पूर्ण फेरा होईल एवढी गाडी ढकला आणि टेपने अंतर मोजा. पुढच्या-मागच्या अंतरात एक टक्क्याच्या आत फरक राहिला पाहिजे, म्हणजे २.२ मीटरवर साधारण दोन सेंटीमीटर.

हे सगळं बरोबर असलं तरी डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर फोर टाकून चालवू नका. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात जातात, त्यामुळे सरळ रस्त्यावर नसलेला पीळ वळणावर तयार होतोच. लिव्हर अडकलाच तर हातोडी मारू नका. गाडी थोडी मागे घ्या, स्टिअरिंग सरळ ठेवा, नाहीतर एका बाजूची चाकं मुरमात किंवा मातीत उतरवा. पीळ सुटतो आणि लिव्हर आपोआप मोकळा होतो.

कोन: बघून नाही, मोजून

टू व्हील ड्राइव्हमध्ये गिअरबॉक्सपासून मागच्या गोळ्यापर्यंत लांब शाफ्ट असतो, बहुतेक पिकअपमध्ये दोन तुकड्यांचा, मध्ये सेंटर बेअरिंग. ट्रान्सफर केस मध्ये आलं की मागचा शाफ्ट आखूड होतो. उंची तेवढीच आणि लांबी कमी, म्हणजे उतार वाढला. त्यात ऑफरोडिंगसाठी गाडी दोन-तीन इंच उचललेली असेल तर तो आणखी वाढतो.

साध्या क्रॉसचा स्वभाव असा की तो कोनात फिरला की एका बाजूची गती सारखी असली तरी दुसऱ्या बाजूची एका फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. सहा अंशांच्या कोनात हा चढउतार जवळपास अर्ध्या टक्क्याचा, दहा अंशांत दीड टक्क्याचा आणि वीस अंशांत सहा टक्क्यांच्या वर. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात ते याच कारणासाठी: एकाने केलेली गडबड दुसरा पुसून टाकतो. पण दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तरच.

मोजायला मोबाईलमधलं कोन मापायचं ॲप किंवा गवंड्याची डिजिटल लेव्हल पुरते. गाडी सपाट जागी, चाकांवर उभी, स्टँडवर नाही. तीन मापं घ्या: ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लँजचा उतार, शाफ्टचा उतार आणि पिनियनच्या अक्षाचा उतार. समजा ट्रान्सफर मागच्या बाजूला ३ अंश खाली उतरतंय आणि शाफ्ट ९ अंश. वरच्या क्रॉसचा कोन ६. पिनियनचा अक्षही ३ अंशच असेल, म्हणजे ट्रान्सफरला समांतर, तर खालच्या क्रॉसचाही कोन ६. दोन्ही सारखे, गडबड पुसली गेली.

आता चूक कुठे होते ते सांगतो, कारण ही मी वारंवार बघतो. पाट्याखाली लोखंडी पाचर घालून पिनियनचं तोंड वर, थेट ट्रान्सफर केसकडे वळवतात. डोळ्यांना हे बरोबर दिसतं, शाफ्ट सरळ रेषेत गेल्यासारखा वाटतो. वरच्या उदाहरणात पिनियन ८ अंशांवर आला तर खालचा कोन १ राहतो आणि वरचा मात्र ६. पाच अंशांचा फरक. वरच्या क्रॉसने केलेला चढउतार पुसायला खाली कुणीच नाही, सगळा मागच्या गोळ्यात जातो. तोंड शाफ्टच्या दिशेला वळवणं बरोबर असतं, पण ट्रान्सफरच्या बाजूला डबल क्रॉसचा जॉइंट बसवला असेल तेव्हाच. तो जॉइंट आपली गडबड आपल्यातच पुसतो, म्हणून खालचा कोन जवळपास शून्य लागतो. साध्या क्रॉसच्या शाफ्टला समांतर ठेवणं हाच नियम.

रोज हायवेला पळणाऱ्या गाडीसाठी प्रत्येक क्रॉसचा कोन ३ अंशांच्या आसपास राहिला तर उत्तम, आणि दोन टोकांमधला फरक एका अंशाच्या आत. शून्य कोनही चांगला नाही, सुया जागेवरच दाबून राहतात आणि दांड्यावर खाचा पडतात. वरच्या उदाहरणातले ६-६ समान असले तरी हायवेला जास्तच. अशा वेळी ट्रान्सफरचा क्रॉसमेंबर (त्याला धरणारी चेसिसची आडवी पट्टी) थोडा खाली घेऊन बघा, किंवा गाडीची उंची कमी करा. मी उंचीच्या हौसेला फार मान देत नाही. सोलापूरच्या पट्ट्यात काळा चिखल, मुरमाड माळ आणि नदीचं पात्र हेच अडथळे, तिथे दोन इंच कमी उंची आणि चांगले टायर जास्त कामाला येतात.

मापं दोनदा घ्या, एकदा रिकाम्या गाडीला आणि एकदा नेहमीच्या ओझ्याला. पाट्यांवरचा एक्सल ओझ्याने खाली-वर होताना बराचसा समांतरच सरकतो, म्हणून कोन वाढले-घटले तरी दोन्ही टोकांना सारखेच वाढतात. ओझं घातल्यावर दोन टोकांतला फरक एकदम वाढत असेल तर पाटे बसलेत, यू बोल्ट ढिले आहेत किंवा इंजिन-गिअरबॉक्सचे रबर गेलेत. रबर दाबून बघा, तेलाने फुगलेलं आणि मऊ झालेलं रबर बोटाला कळतं.

पुढच्या एक्सलखाली उंचीसाठी लोखंडी ठोकळे कधीच घालू नका. ब्रेक दाबल्यावर पुढच्या एक्सलवर प्रचंड पीळ येतो, ठोकळा सरकला तर स्टिअरिंग हातातून गेलं.

आणि पुढच्या गोळ्याची बाजू. ट्रान्सफर केसमधून पुढचा शाफ्ट ज्या बाजूने बाहेर पडतो, त्याच बाजूला पुढच्या हौसिंगचा गोळा पाहिजे. एक डावीकडे आणि एक उजवीकडे असं जुळवलेलं असेल तर शाफ्ट गाडीखालून तिरका जातो, आडवा कोन तयार होतो आणि तो पाचर घालून किंवा क्रॉसमेंबर हलवून जाणार नाही. तिथे हौसिंग बदलणं हाच उपाय. कामाला हात घालण्याआधीच हे तपासलं पाहिजे, म्हणून ज्यांचं कन्व्हर्जन अजून व्हायचंय त्यांनी तरी हे वाक्य मिस्त्रीला वाचून दाखवा.

फेज आणि लांबी

एका शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे, म्हणजे ज्यात क्रॉस बसतो ते दुफाटे भाग, एकाच पातळीत पाहिजेत. मधली सरकती स्प्लाइन (लांबी कमी-जास्त होऊ देणारा खाचांचा सांधा) काढून परत घालताना एखादा दात इकडेतिकडे झाला की दोन्ही काटे एकमेकांना तिरके होतात. मग कोन कितीही बरोबर असोत, पुसायचं काम होत नाही. लेथवर शाफ्ट आखूड करताना वेल्डिंगही असंच तिरकं होऊ शकतं. शाफ्ट जमिनीवर ठेवा, एका टोकाचा काटा लेव्हलने आडवा करा आणि दुसऱ्या टोकाला लेव्हल लावा. दोन मिनिटांचं काम आहे. शाफ्ट काढण्याआधी स्प्लाइनच्या दोन्ही भागांवर पंचाने टिंब मारून ठेवायची सवय लावा. दोन तुकड्यांच्या शाफ्टला मात्र हा नियम जसाच्या तसा लावू नका, तिथे कंपनीने दिलेल्या बाणांच्या खुणा जुळवा.

लांबी जास्त झाली तर क्रॉसबरोबर ट्रान्सफरचं बेअरिंगही जातं. गाडी खड्ड्यात बसली की स्प्लाइनला आत सरकायला जागा उरत नाही आणि शाफ्ट थेट बेअरिंगवर ठोसा मारतो. मागचं ऑइल सील बदलूनही पुन्हा पुन्हा गळत असेल तर सीलला दोष देण्याआधी हे बघा. लांबी कमी झाली तर उलट: चाक लोंबकळलं की स्प्लाइन जेमतेम धरून राहते, तिच्यात खेळ येतो. चेसिस उचलून एक्सल पूर्ण लोंबकळू द्या, स्प्लाइन किती बाहेर आली ते खुणेने बघा. मग बंप रबरला एक्सल टेकतो तिथपर्यंत किती आत जाईल ते मोजा. दोन्ही टोकांना जागा शिल्लक राहिली पाहिजे.

फिरवून खात्री

मोजमापं झाली की रस्त्यावर. पहिल्यांदा पुढचा शाफ्ट पूर्ण काढून गाडी टूमध्ये चालवा. थरथर गेली तर दोष पुढे. राहिली तर साठच्या वेगात, रस्ता मोकळा बघून, गिअर न्यूट्रल करा आणि गाडी आपोआप पळू द्या. इंजिन बंद करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाईल. न्यूट्रलमध्येही थरथर तशीच असेल तर इंजिन आणि क्लच सुटले, दोष त्याच्या मागे आहे.

पुढचा निवाडा मोबाईल करू शकतो. कंपनांची वारंवारता दाखवणारी ॲप मिळतात. फोन सीटखाली चेसिसच्या बोल्टजवळ घट्ट ठेवा आणि बाजूला बसलेल्याला आकडा वाचायला सांगा. वरच्याच टायरचं आणि ४.१० चं गणित धरलं तर ताशी साठला चाक सेकंदाला साडेसात-आठ फेरे घेतं, शाफ्ट साधारण एकतीस. ॲपवर आठच्या आसपास टोक दिसलं तर चाक किंवा टायर. एकतीसच्या आसपास दिसलं तर शाफ्टचा बॅलन्स किंवा वाकलेली नळी. बासष्टच्या आसपास दिसलं, म्हणजे एका फेऱ्यात दोनदा, तर कोन किंवा फेज. शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवून पैसे घालवायचे की नाहीत हे या एका आकड्यावर ठरतं, आणि म्हणूनच बॅलन्सिंग मी शेवटी ठेवतो.

चढावर लिव्हर फोरमधून उडत असेल तर बहुतेक वेळा लिंकेज (लिव्हर ते ट्रान्सफरची जोडणी) पूर्ण आत जात नसते. कन्व्हर्जनमध्ये लिव्हरसाठी पत्रा कापलेला असतो आणि लिव्हर पत्र्याला किंवा कन्सोलला अडतो. ट्रान्सफरच्या बाजूला लिंकेज सोडून हाताने पूर्ण फोरमध्ये ढकला आणि लिव्हर त्या जागेपर्यंत पोहोचतो का बघा. पोहोचत असेल तर मग आतली डिटेंटची (लिव्हर जागेवर धरून ठेवणारी) गोळी आणि स्प्रिंग.

ग्रीसबद्दल थोडक्यात: लिथियमचं ईपी ग्रीस, दोन नंबर. चारही कपांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा, एकातून येत नसेल तर तो कप कोरडाच राहतोय. गाडी भीमेच्या किंवा सीनेच्या पाण्यातून गेली असेल तर घरी आल्यावर लगेच मारा, रविवारची वाट बघू नका. डिफरन्शियलच्या हवेच्या नळ्या वर नेऊन बांधा, नाहीतर गरम गोळा थंड पाण्यात गेला की आत पाणी ओढतो. आणि ट्रान्सफर केस मूळ जागेपासून फिरवून बसवलं असेल तर लेव्हलच्या बोल्टपर्यंत तेल भरूनही आत कमी पडू शकतं, तेव्हा मॅन्युअलमधल्या लिटरने भरा.

ज्यांचं काम अजून झालेलं नाही त्यांच्यासाठी

सुटे भाग गोळा करून जुळवण्यापेक्षा आपल्याच मॉडेलची फोर बाय फोर गाडी कंपनीने विकली असेल तर तिचा पूर्ण संच मिळवा: गिअरबॉक्स, ट्रान्सफर, दोन्ही शाफ्ट, पुढचा एक्सल आणि क्रॉसमेंबरसुद्धा. टू व्हील ड्राइव्हच्या गिअरबॉक्सची मागची शाफ्ट आणि हौसिंग वेगळी असते, तिच्यामागे ट्रान्सफर सहसा थेट बसत नाही. मग छोटा शाफ्ट घालून ट्रान्सफर वेगळं टांगतात, आणि क्रॉस वाढले म्हणजे कोन मोजायच्या जागाही वाढल्या. पुढे पाट्यांवरचा सरळ एक्सल असलेल्या पिकअपला हे काम जमतं. कॉइल स्प्रिंगची स्वतंत्र पुढची चाकं असतील तर चेसिस कापावी लागते आणि ते मी कुणालाही सुचवणार नाही.

खर्च जोडून बघाल तेव्हा कंपनीच्याच फोर बाय फोर पिकअपचा जुन्या बाजारातला भावही शेजारी लिहा. बोलेरो कॅम्पर, स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन, इसुझू व्ही-क्रॉस या सगळ्यांमध्ये फोर बाय फोर आलेल्या आहेत. आणि गरज फक्त पावसाळ्यातल्या पाणंद रस्त्यापुरती असेल तर मागच्या गोळ्यात लॉकर (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग) आणि चारही चाकांना चिखलाचे टायर, एवढ्यात बहुतेकांचं भागतं.

कायद्याचं स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर असलेल्या कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. एमएच १३ चं पासिंग असेल तर काम सुरू करण्याआधी सोलापूर आरटीओत जाऊन लेखी विचारा. फक्त खाजगी जागेत, ट्रेलरवरून नेऊन चालवायची गाडी असेल तर गोष्ट निराळी.

फिरवून बघायला जागा शोधताना नान्नजच्या बाजूचा माळ सोडा. तो मोकळा दिसतो, पण ते माळढोकचं अभयारण्य आहे. माळढोक आता किती दुर्मिळ झालाय ते वेगळं सांगायला नको, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या माळावर टायर फिरवणं हा गुन्हाही आहे. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याचं पडीक रान घ्या, मुरमाचा चढ आणि चिखलाचा एक ओढा असला की चाचणीला पुरे. परत निघताना लिव्हर टूमध्ये आलाय का आणि हब सुटलेत का, हे दोन्ही खाली उतरून हाताने बघा, आणि मगच डांबरीला लागा.